जीपमधलं विसण

तापलेल्या इंजिनाजवळ हात नेताना बाकीचे मेकॅनिक ओलं फडकं घेतात. बंबवाले घेत नाहीत. रेडिएटरच्या वरच्या नळीला ते उघडा तळहात लावतात, क्षणभर थांबतात आणि आकडा सांगतात. "पंच्याऐंशी." थर्मामीटर लावून पाहिलं तर चौऱ्याऐंशी निघतं, फार तर शहाऐंशी. अडतीस वर्षं डाग देणं, झाळणं आणि उकळतं पाणी ओतणं यात गेली आहेत. बोटांची टोकं गुळगुळीत आणि चकचकीत झाली आहेत. त्यांच्या फोनचं बोट लावून उघडणारं कुलूप त्यांचं बोट ओळखत नाही. याचं त्यांना वाईट वाटत नाही, उलट गिऱ्हाइकांना ते फोन काढून दाखवतात.

बंबवाले हे त्यांचं आडनाव नाही. गल्लीत ते रेडिएटरवाले म्हणूनच ओळखले जात होते. तीन वर्षांपूर्वी जीपमध्ये गरम पाण्याच्या अंघोळीची सोय करायचं वेड त्यांनी घेतलं, आणि शेजारच्या गाळ्यात गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या सीटवाल्याने त्यांना हे नाव दिलं. ते तिसऱ्या दिवशी गल्लीभर झालं.

वेड कशापायी, हे मात्र सीटवाल्यालाही उशिरा कळलं.

बंबवाल्यांच्या पत्नीला सगळे सिस्टर म्हणतात. चारचौघांत बंबवालेही तसंच म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी प्रसूती विभागात नोकरी केली. नवरा-बायकोचा शौक एकच होता. सर्वेक्षण खात्याने मोडीत काढलेली एक लांब डिझेल जीप बंबवाल्यांनी उभी केली होती. मागे फळ्या टाकून झोपायची जागा, टपावर कॅरिअर, मोकळ्यावर झोपायचं तर तंबू. सुट्ट्या जुळल्या की दोघं डांबर संपतं तिथून पुढे जायची. स्टिअरिंग त्यांच्या हाती, नकाशा सिस्टरच्या मांडीवर. वीस वर्षांत नकाशाच्या घड्या इतक्यांदा चिकटवल्या गेल्या की काही गावं चिकटपट्टीखालीच गेली.

मग सिस्टरना संधिवात झाला. या दुखण्याची तऱ्हा अशी, की त्रास सगळा सकाळचा. जाग आल्यापासून तासदीड तास बोटं मिटत नाहीत. मूठ नाही, बटण नाही, कप नाही. दहा मिनिटं गरम पाण्याखाली उभं राहिलं की तोच वेळ वीस मिनिटांवर येतो. घरी गिझर आहे. माळावर कुठला असणार?

शेवटच्या सहलीत बंबवाले सकाळी पाणी आणायला गेले होते. परत आले तेव्हा सिस्टर तंबूत बसलेल्या होत्या. तंबूची चेन त्यांना ओढता आली नव्हती. पाऊण तास त्या तशाच बसून होत्या. हाक मारली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी नकाशा घडी घालून खणात ठेवला. म्हणाल्या, "आता तुम्ही जात जा. मी आपली घरी बरी."

ते एकदा एकटे गेले. चार रात्रींचं सामान घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर.

"का हो, एवढ्यात?"

"रस्ता चुकलो."

त्या रस्त्याने ते नऊ वेळा गेले होते. बंबवाल्यांनी दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात केली. बायकोला सकाळी साडेसहाला, गावापासून कितीही लांब, दहा मिनिटं गरम पाणी मिळालं पाहिजे. ते मिळालं तर ती येईल, नाही तर जीप विकायची. हिशोब एवढा सरळ होता.

पहिली आली काळी पिशवी. वीस लिटरची, जाड प्लास्टिकची, खाली छोटी झारी. उन्हात टांगली की पाणी तापतं. तापलंही, छान तापलं, दुपारी चार वाजता. सकाळी हात लावला तर पाणी रात्रीच्या हवेइतकंच गार.

"संधिवाताला दुपारची वेळ सोयीची नाही," सिस्टर म्हणाल्या.

मग टपावर काळा रंग दिलेला जाड पाइप बसवला. दोन्ही टोकं बंद, सायकलच्या पंपाने आत हवा भरायची, नळ सोडला की धार जोरात. दिसायला तोफेसारखा. पोलिसांनी एकदा थांबवून विचारलं होतं. पण तापायचा उन्हावरच, म्हणजे पुन्हा चार वाजले.

तिसरा गॅसचा छोटा गिझर, झाडाला टांगायचा. वारा आला की विझायचा. वारा लागू नये म्हणून बंबवाल्यांनी तो अंघोळीच्या तंबूत घ्यायचं ठरवलं, तेव्हा सिस्टरनी पहिल्यांदा आवाज चढवला. बंद जागेत गॅस जाळला की त्याची विषारी हवा होते, वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा पडतो. इस्पितळात अशी दोन माणसं आणलेली त्यांनी पाहिली होती. गिझर त्याच संध्याकाळी भंगारात गेला.

"बंबवाले, एवढा खटाटोप कशाला?" सीटवाला म्हणाला. "अंघोळीची गोळी घ्यायची आणि मोकळं व्हायचं."

"तू रोज घेतोस ते कळतंय मला इथपर्यंत."

चौथी युक्ती त्यांच्या धंद्यातलीच होती. इंजिनात उकळीच्या जवळ गेलेलं पाणी सतत फिरत असतं. ते थंड करायला रेडिएटर. आयुष्यभर जी उष्णता बाहेर फेकायचं काम केलं, तीच पकडायची. विटेएवढा धातूचा ठोकळा त्यांनी मिळवला. आत पातळ पाट्यांची चळत असते. पाट्यांच्या एका बाजूने इंजिनाचं तापलेलं पाणी जातं, दुसऱ्या बाजूने अंघोळीचं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण गरमी इकडून तिकडे जाते. टपाच्या टाकीत चाळीस लिटर पाणी, बॅटरीवरचा छोटा पंप, मग ही वीट, आणि शेवटी एक पितळी नळ, त्यात गरम आणि गार एकत्र होऊन शॉवरला जायचं. इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं की झालं. ऊन नको, ज्योत नको.

नळावर गार पाणी किती मिसळायचं ते कायमचं ठरवून ठेवायला हवं होतं. गॅरेजात थर्मामीटर होता, पण तो इंजिनाचा. त्याचे आकडे साठपासून वर सुरू होतात, कारण साठच्या खालच्या इंजिनाबद्दल कुणाची तक्रार नसते. म्हणून बंबवाल्यांनी धारेखाली हात धरला. कोमट लागलं. थोडं वाढवलं. छान ऊनऊन लागल्यावर पान्याने नळ तिथेच घट्ट केला.

एवढं जमल्यावर त्यांना राहवलं नाही. गल्लीत येणाऱ्या दोन जीपवाल्यांनी मागितलं, त्यांनाही तसंच बसवून दिलं. मग घरी सांगितलं.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "एक रात्र," त्या म्हणाल्या. "जमलं तर बघू."

सीटवाल्याने निळ्या ताडपत्रीचा उभा तंबू शिवून दिला, आत टॉवेल ठेवायला खिसा आणि चेनऐवजी पडदा. "वहिनी, चेन लावलेलीच नाही," तो म्हणाला. यावरून त्यालाही कारण समजलं होतं, हे बंबवाल्यांना समजलं.

कोरड्या नदीकाठी, जुन्याच जागी ते उतरले. सकाळी सव्वासहाला बंबवाल्यांनी इंजिन सुरू केलं. साडेसहाला सिस्टर टॉवेल खांद्यावर टाकून पडद्याआड गेल्या. ते बॉनेट उघडून उभे राहिले, इंजिनाचा वेग जरा चढा ठेवून. डिझेल इंजिन, त्यात बॉनेट उघडं. कानात दुसरं काही शिरत नव्हतं.

कढत पाणी सिस्टरच्या मानेवर पडलं. नळ बंद करायचं बटण गोल होतं, पितळी, गुळगुळीत. ते फिरवायला मूठ लागते, आणि सकाळी साडेसहाला त्यांना मूठ नव्हती. त्यांनी दोन्ही मनगटांत बटण धरून पाहिलं, ते निसटलं. त्या तंबूच्या कापडाला पाठ लावून जेवढं बाजूला होता येईल तेवढ्या झाल्या. हाक मारली. या वेळी मारली, तीनदा. मग ताडपत्रीवर कोपर आपटलं. तंबू हललेला दिसला तेव्हा बंबवाले वळले.

फोड आले नाहीत. मान आणि डावा खांदा लाल झाला. सिस्टरनी स्वतःच गार पाण्याची फडकी ठेवायला सांगितली, किती वेळ तेही सांगितलं, वॉर्डातल्या नव्या मुलीला सांगावं तसं. चहा न घेता दोघं निघाली.

वाटेत सिस्टरनी विचारलं, "पाणी बघितलं होतं तुम्ही?"

"बघितलं ना. हातानं."

"कुठल्या हातानं?"

बंबवाल्यांनी स्टिअरिंगवरून उजवा हात उचलून दाखवला. सिस्टरनी त्या हाताकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. पुढे एका फाट्यावर ते चुकले. नकाशा मांडीवर होता. तो सिस्टरनी उघडला नाही.

जीप दोन आठवडे ताडपत्रीखाली होती. "काय बंबवाले, वहिनींना उकडून काढलंत म्हणे?" सीटवाल्याने एकदाच विचारलं. मिळालेलं उत्तर इथे छापण्यासारखं नाही. नंतर त्याने विषय काढला नाही.

या दोन आठवड्यांत बंबवाल्यांनी चार थर्मामीटर जमवले. एक माशांच्या टाकीचा, एक स्वयंपाकघरातला, एक तापाचा, एक आकडे चमकणारा. ते सगळे घेऊन ते सीटवाल्याच्या गाळ्यात गेले. चारही एकाच बादलीत सोडले. चौघांनी चार आकडे सांगितले.

सीटवाल्याने शिलाई मशीन थांबवलं. "माझी मोठी जन्मली तेव्हा तिची पहिली अंघोळ कुणी घातली?"

"मला काय माहीत?"

"वहिनींनी. मी काचेतून बघत होतो. पाण्यात कोपर बुडवलं, अशा थांबल्या, मग पोर आत. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. आणि तुम्ही गावभर दुकानं पालथी घालताय! काखेत कळसा अन् गावाला वळसा."

बंबवाले घरी गेले. सिस्टर भाजी निवडत होत्या. काय म्हणायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण तोंडून निघालं वेगळंच. "अगं, पाणी बघायला येतेस का गॅरेजात?"

"मी? दुधानं पोळलेय, आता ताकही फुंकून पिणार मी. नको तो नळ." त्यांनी दोन शेंगा सोलल्या. मग हात थांबला. "अहो, हे आणखी कुणाच्या गाडीत बसवलंत का?"

"दोघांच्या."

"याच हातानं?"

"हो."

"त्यांच्याकडे लहान मूल आहे?"

बंबवाल्यांना आठवायला वेळ लागला. "एकाकडे आहे. तीन वर्षांची मुलगी."

सिस्टरनी भाजी तशीच ठेवली. "फोन लावा. आत्ता लावा. आणि माझ्या चपला कुठे आहेत?"

बोटाने न उघडणारा फोन आकडे दाबून उघडला गेला. पहिला जीपवाला अजून कुठे गेलाच नव्हता. दुसरा, मुलीचा बाप, म्हणाला, "पाणी एकदम झकास येतं की! कडकडीत. आम्ही बादलीत घेतो आणि विसण घालतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, असंच असतं."

विसण म्हणजे गरम पाण्यात घालायचं गार पाणी. तापलेलं पाणी अंगावर घेण्याजोगं करणारं. बंबवाल्यांनी जो पितळी नळ बसवला होता त्याचं काम तेवढंच होतं, आणि तेवढंच तो करत नव्हता. मूल वाचलं होतं ते बापाच्या जुन्या सवयीमुळे.

तासाभरात तीन जीपा गल्लीत उभ्या होत्या. सिस्टर लग्नानंतर एकदोनदाच गॅरेजात आल्या असतील. सीटवाल्याने त्यांच्यासाठी नवं कव्हर घातलेलं स्टूल आणून ठेवलं. त्यांनी बाही दुमडली आणि धारेखाली कोपर धरलं.

"कमी करा."

बंबवाल्यांनी पाना फिरवला.

"अजून."

"आता तर गारच झालं."

"तुमच्यासाठी. अजून."

सात वेळा पाना फिरला. आठव्या वेळी सिस्टरनी कोपर तसंच ठेवलं आणि नुसती मान हलवली. टायरवर खुणा करायच्या पांढऱ्या पेनाने नळावर रेघ ओढली गेली. चमकणाऱ्या थर्मामीटरने अडतीस दाखवलं. पहिल्या जागी तो त्रेपन्न दाखवत होता. बंबवाल्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि थर्मामीटर खिशात ठेवला.

"आणि हे गोल बटण काढून टाका," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे ऑपरेशनच्या खोलीत लांब दांड्याचे नळ असतात. हात धुतल्यावर कशाला लावायचा नाही, म्हणून कोपरानं ढकलायचे. मला तसा पाहिजे. त्या मुलीच्या गाडीतही तसाच. घाबरलेल्या माणसाला बटण फिरवता येत नाही, धक्का मारता येतो."

"दांडा कशाचा करू?"

"ते मला काय विचारता? मी का रेडिएटरवाली आहे?"

बंबवाल्यांनी भंगारातल्या जीपच्या दाराच्या आतल्या मुठी काढल्या, टीचभर लांब, टोकाला किंचित वळलेल्या. त्या नळांना झाळल्या. पांढऱ्या रेघेपाशी पितळेचा एक छोटा अडसर झाळला. आता दांडा गारकडे हवा तेवढा जातो, गरमकडे रेघेपलीकडे जात नाही. खाली ढकलला तर बंद. तिन्ही गाड्यांचं काम झाल्यावर सिस्टर पुन्हा एकदा फिरल्या, प्रत्येक दांडा कोपराने ढकलून पाहिला. तिसऱ्याला जरा तेल लागत होतं.

आपल्या जीपपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. दहा दिवस सहलीचा विषय कुणीच काढला नाही.

अकराव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "चाळीस लिटर म्हणजे किती मिनिटं?"

बंबवाल्यांनी घास खाली ठेवला. "दहा. धार बारीक ठेवली तर अकरा."

"दहा पुरतात."

जागा त्यांनीच निवडली, तीच नदी. बंबवाल्यांनी दुसरी सुचवून पाहिली. "नको," त्या म्हणाल्या. "पाणी तिथेच बघायचंय."

सकाळी सव्वासहाला इंजिन सुरू झालं. इंजिनाचा वेग धरून ठेवायला या वेळी हाताने ओढायची कळ बसवली होती, त्यामुळे बंबवाले बॉनेटपाशी नव्हते. साडेसहाला सिस्टर आत गेल्या तेव्हा ते तंबूला चिकटून उभे होते.

"अहो, सावली दिसतेय तुमची."

"असू दे."

"असू दे काय? पहारा नकोय मला. दांडा आहे. जा तिकडे."

ते वीस पावलांवर एका दगडावर जाऊन बसले. पंप सुरू झाल्याचं कळलं, कारण तो सुरू झाला की इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो. ताडपत्री हलली नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. सात. दहाव्या मिनिटाला आपल्यासाठी दोन-तीन लिटर राहतील, असा त्यांचा अंदाज होता. अकराव्या मिनिटाला पंप कोरडा घरघरू लागला.

सिस्टर बाहेर आल्या. उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. करंगळी अजून मागे राहत होती. मग स्वेटरची बटणं लावली, वरून खाली, पाचही.

"संपवलंस सगळं?"

"दहा मिनिटं म्हणाला होतात. मला वाटलं, मोजून बघावं."

"आणि मी काय पारोसा राहू?"

"तुमची ती काळी पिशवी आहे ना."

"ती तापायला चार वाजतील!"

"मग टपावर बांधा. चारपर्यंत इथे कोण बसतंय?" सिस्टरनी नकाशा आणून बॉनेटवर पसरला. पत्रा अजून गरम होता, त्यावर दोन्ही हात पालथे ठेवून त्या उभ्या राहिल्या. "या तळ्यापर्यंत जाऊ. एक रात्र म्हणाले होते, ती झाली. आता ही दुसरी धरा. आधी टाकी भरा, उद्या सकाळी लागेल."

बंबवाले कॅन घेऊन हातपंपाकडे गेले. चार खेपा झाल्या.

तळ्यावर पोचायला पावणेचार झाले. दिवसभर टपावर भाजलेली पिशवी त्यांनी झाडाला टांगली, तंबू लावला, टॉवेल घेतला आणि झारीखाली हात धरला. छान लागत होतं. ते आत जाणार तेवढ्यात सिस्टर आल्या, बाही वर केली आणि धारेत कोपर घातलं.

"थांबा. चटका बसतोय. विसण घाला."

"मला तर कोमट लागतंय."

"हाताला. अंघोळ काय नुसत्या हातांना घालायचीय?"

बंबवाले तळ्यातून बादलीभर गार पाणी घेऊन आले.